इलेक्ट्रिक व्हीलचेअरचं पावसाळी आवरण: पाण्याला उतार कुठे द्यायचा

इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर पाऊस पडला की पाणी सगळीकडून सारखं आत शिरत नाही. त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. पहिली वाट जॉयस्टिकच्या दांडीभोवती असते. तिथे घड्यांची एक रबरी टोपी बसवलेली असते. दांडी हलते तशी ती वाकते, उन्हाने कडक होते आणि एखाद्या घडीत केसाएवढी चीर पडते. कोरड्या दिवसांत ही चीर डोळ्यांना दिसतही नाही. दुसरी वाट चार्जरच्या भोकाची. बऱ्याच चेअरना ते जॉयस्टिकच्या डब्यालाच, समोर किंवा खालच्या अंगाला असतं. तिसरी वाट वायरची. पाणी वायरवरून ओघळत जातं आणि थेट जोडणीत उतरतं. तिथे पितळी पिना हिरव्या पडतात, संपर्क तुटक होतो आणि कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, दोष दाखवून चेअर जागच्या जागी थांबवतो. बिघाड पावसातच दिसेल असंही नाही. पिना गंजून चेअर अडायला कधी कधी दोन आठवडे जातात, आणि तोवर पाऊस कुणाच्या लक्षातही नसतो.

आवरण रचायचं ते या वाटा बघून. सगळी चेअर प्लास्टिकमध्ये गुंडाळली की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं केलं की आतला दमट श्वास आतच राहतो, वापरणाऱ्याला बटणं दिसत नाहीत, आणि प्लास्टिक जिथे खोलगट होतं तिथे तळं साचतं. त्यापेक्षा कौलारू घराकडे बघा. कौलाच्या छपरात फटी असंख्य असतात, तरी घर कोरडं राहतं, कारण वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं आणि पागोळी भिंतीपासून लांब पडते. चेअरच्या आवरणालाही एवढंच साधायचं आहे: वरचा थर खालच्या थरावर चढलेला, आणि पागोळी वायर, जोडणी, चाक यांपासून लांब.

चेअरच्या कागदपत्रांत ‘आयपीएक्स ४’ असं काही लिहिलेलं असतं. आयईसी ६०५२९ या मानकातला पाण्यापासून बचावाचा हा आकडा आहे. ४ म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेल्या शिंतोड्यांनी अपाय होऊ नये. ५ म्हणजे नळीतून येणारी धार सोसावी, आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवूनही चालावं. व्हीलचेअरच्या हवामान चाचण्यांचं मानक आयएसओ ७१७६ चा भाग ९ आहे आणि त्यातली पावसाची चाचणी शिंतोड्यांच्या पातळीचीच आहे. म्हणजे चेअर पाइपने धुवायला किंवा साचलेल्या पाण्यातून न्यायला ती मुळात बनवलेलीच नाही. शिवाय चाचणी नव्या चेअरची होते. तीन वर्षं वापरलेल्या रबरी टोपीला तो आकडा लागू आहे असं धरून चालू नका.

जॉयस्टिकचं आवरण

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. जॉयस्टिक सोडली की ती स्प्रिंगने मध्यावर येते, कंट्रोलर मोटर थांबवतो आणि मोटरवरचा विद्युतचुंबकी ब्रेक लागतो. चेअरचा ब्रेक तो हाच. पायाशी दुसरा नसतो. आवरण ताठ असेल, एका अंगाला ओढलं जात असेल किंवा ओलं होऊन दांडीला चिकटत असेल, तर दांडी पूर्ण मध्यावर येत नाही आणि चेअर हळूहळू सरकत राहते. उतारावर, रहदारीत, हा धोका भिजण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून या आवरणाचा पहिला निकष पाणी अडण्याचा नाही. हात सोडल्यावर दांडी आवरण नसताना येते तितक्याच चटकन मध्यावर आली पाहिजे. जिथे ती रेंगाळते ते आवरण कितीही कोरडं ठेवत असलं तरी टाकून द्यावं.

घाईत प्लास्टिकची पिशवी घालून वर रबरबँड लावण्याची पद्धत सर्रास दिसते. ती फसते ती याच कारणाने. रबरबँडने पिशवी खाली ओढली जाते आणि दांडी एका बाजूला झुकते. दांडी झुकलेली असताना चेअर चालू केली तर कंट्रोलर दोष दाखवतो आणि हलायला नकार देतो. वाटतं, पाणी गेलं. प्रत्यक्षात पिशवीने दांडी ओढलेली असते. पिशवीच वापरायची वेळ आली तर पारदर्शक, मोठी घ्या, दांडीवर भरपूर ढिली सोडा आणि बांधायची ती डब्याच्या मागच्या टोकाला, दांडीपासून लांब.

आता मापं. डबा लांबीला १७, रुंदीला ७ आणि उंचीला ६ सेंटिमीटर आहे, आणि दांडी डब्याच्या वर ५ सेंटिमीटर आहे असं धरू. दांडी बहुधा डब्याच्या पुढच्या अंगाला असते. पुढच्या कडेपासून ५ आणि मागच्या कडेपासून १२ सेंटिमीटरवर आहे असं मानू. आवरण दांडीच्या टोकावरून तंबूसारखं उतरणार. रुंदीच्या बाजूने बघितलं तर डब्याच्या कडेपासून दांडीच्या टोकापर्यंतची तिरकी रेघ साधारण ६ सेंटिमीटर भरते. दोन्ही अंगांची मिळून १२. म्हणजे सपाट ७ ऐवजी ५ सेंटिमीटर जास्त. त्यात दांडी डावी-उजवीकडे कलते त्यासाठी ४ सेंटिमीटर ढिलाई. खाली लोंबणाऱ्या झालरीसाठी दोन्ही बाजूंना डब्याची उंची ६ आणि त्याच्याखाली ३, असे ९-९. बेरीज ७ + ५ + ४ + १८ = ३४. लांबीचा हिशेबही तसाच: पुढची तिरकी रेघ ७, मागची १३, मिळून २०; त्यात ढिलाईचे ४ आणि झालरीचे १८; एकूण ४२. तेव्हा ४२ बाय ३४ सेंटिमीटरचा तुकडा लागेल. तुमच्या चेअरची मापं वेगळी असतील, पण हिशेब हाच राहील. डब्याशेजारी आर्मरेस्टचा दांडा किंवा पाय टेकायच्या पट्टीचा लिव्हर असला तर तेवढ्या भागापुरती झालर आखूड करा.

कापड नको, पारदर्शक फिल्म हवी, कारण बॅटरीचे दिवे, वेगाचं बटण आणि हॉर्न दिसले पाहिजेत. टीपीयू नावाची फिल्म यासाठी सगळ्यात चांगली. ती रबरासारखी लवते, थंडीत कडक होत नाही आणि घडी पडून तडकत नाही. जाडी ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. टेबलावर अंथरायला मिळतं ते ०.५ मिलिमीटरचं पीव्हीसी या कामाला जाड आहे. तेच दांडीला ढकलत राहतं. पातळ पीव्हीसी चालतं, पण ते उन्हात पिवळं पडतं आणि एक-दोन मोसमांत कडक होतं. तेव्हा ते दरवर्षी बदलायचंच, असं धरून शिवा.

फिल्मच्या कडा दुमडून शिवायची गरज नाही, कारण तिचे धागे सुटत नाहीत. कोपरे गोल कापा. टोकदार कोपऱ्यातून फाटायला सुरुवात होते. शिलाईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार, म्हणून भोकं पाडायची ती डब्याच्या तळाच्या पातळीखाली, झालरीतच. तिथे २ सेंटिमीटर रुंदीच्या वेल्क्रोच्या दोन पट्ट्या शिवायच्या, दोन्ही डब्याच्या मागच्या अर्ध्या भागात. पुढची झालर मोकळी सोडायची, म्हणजे दांडी कुठेही गेली तरी फिल्म तिच्याबरोबर जाते. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्याने फिल्म टपाल तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांची होते आणि तिथूनच फाटते. फिल्म शिवताना यंत्राच्या पायाला चिकटत असेल तर वरखाली टिश्यू पेपर ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा. टाचण्या लावू नका, कपड्याचे चिमटे लावा. टाचणीचं भोक फिल्ममध्ये बुजत नाही.

हात फिल्मच्या वरून दांडीला धरणार, ही या रचनेची मर्यादा. ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे त्यांना ओल्या फिल्मवरून पकड मिळत नाही. त्यांच्यासाठी बोगदा बरा पडतो: डबा आणि हात दोन्हींवर येणारी, वर पारदर्शक खिडकी असलेली टोपी, जिचं तोंड कोपराकडे आणि किंचित खाली कललेलं असतं. आतली रुंदी मुठीच्या सांध्यांवरच्या रुंदीपेक्षा निदान ४ सेंटिमीटर जास्त हवी, आणि छत हातावर पडू नये म्हणून आत ॲल्युमिनियमच्या ३ मिलिमीटर तारेच्या दोन कमानी. तारेची टोकं वळवून त्यांवर रबरी नळीचा तुकडा चढवा. ज्या हातात संवेदना कमी आहे त्याला टोचलेलं, खरचटलेलं कळत नाही. बोगद्यातून हात एका झटक्यात बाहेर येतो का, हेही आधीच पाहून ठेवा; ओली बाही तोंडाशी अडकते.

वायरचं काम सगळ्यात सोपं, आणि तेच बहुधा राहून जातं. जोडणीच्या अलीकडे वायरला खाली झोल द्या, म्हणजे वायर आधी जोडणीच्या खाली उतरेल आणि मग वर चढेल. पाणी झोलाच्या तळाला येऊन टपकतं, वर चढत नाही. घरात बाहेरून वायर घेताना चांगला वायरमन हेच करतो. झोल चाकाच्या किंवा सीट वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या आड येणार नाही एवढं बघा. सीट पूर्ण मागे कलवून वायर ताणली जात नाही ना, ते तपासा.

चेअरवर चढवण्याआधीची परीक्षा

पहिली परीक्षा चेअरवर घेऊ नका. शाळेची पत्र्याची कंपासपेटी लांबी-रुंदीला जॉयस्टिकच्या डब्याच्या बऱ्यापैकी जवळची असते. तिच्यावर पेन्सिलीचा तुकडा उभा चिकटवा, पेटीला टिश्यू पेपर गुंडाळा, आवरण चढवा आणि झाडांना पाणी घालायच्या झारीने १० मिनिटं सगळ्या बाजूंनी पाणी घाला. मधूनमधून पेन्सिल इकडेतिकडे कलवा. मग आवरण काढून टिश्यू कुठे भिजला आहे ते बघा. ओल मधोमध असेल तर पाणी एखाद्या भोकातून किंवा शिवणीतून आलं. ती कडेला असेल तर झालर आखूड आहे, किंवा झालर पेटीला घट्ट चिकटून दोन पृष्ठभागांमधून पाणी वर चढलं आहे. वातीत तेल चढतं तसंच ते. मध्ये निदान ५ मिलिमीटर फट ठेवली की थांबतं. सगळा कागद सारखाच सादळला असेल तर तो पाऊस नव्हेच, आतल्या दमटपणाचं पाणी झालं आहे. मागच्या झालरीला बोटभर मोकळी जागा सोडा.

मग चेअरवर. आधी बंद चेअरवर आवरण चढवून दांडी चारही दिशांना टोकापर्यंत नेऊन सोडा. मग वेग सगळ्यात कमी ठेवून, मोकळ्या सपाट जागेत, शेजारी कुणी उभं असताना चालवा. पुढे, मागे, दोन्ही वळणं, आणि प्रत्येक वेळी हात एकदम सोडून बघा. हीच परीक्षा आवरण ओलं करून पुन्हा घ्या, कारण ओली फिल्म कोरड्या फिल्मसारखी वागत नाही. दांडी धरणाऱ्या व्यक्तीचाच हात हवा. शिवणाऱ्याच्या हाताला जे सहज वाटतं ते तिच्या हाताला जमेलच असं नाही.

बसलेल्या माणसाचा रेनकोट

कोकणात भातलावणीला डोक्यावर घेतात ते इरलं वाकलेल्या पाठीच्या मापाचं असतं. पाठ झाकली जाते आणि हात चिखलात मोकळे राहतात. उभ्या माणसाला ते अवघडच वाटेल. दुकानातला रेनकोट याच्या उलट, उभ्या माणसासाठी बेतलेला असतो, आणि बसलेल्या माणसावर तो तीन ठिकाणी हमखास फसतो.

पहिलं ठिकाण पाठ. रेनकोटची पाठ बसणारा आणि चेअरची पाठ यांच्या मध्ये गेली की खांद्यावरचं सगळं पाणी तिच्यावरून उतरून थेट बैठकीत जमतं. म्हणून बाह्या नसलेली, अंगावरून टाकायची केप शिवायची, तिचा मागचा भाग चेअरच्या पाठीवरून बाहेर टाकायचा, आणि ढकलायच्या मुठींसाठी दोन फटी ठेवून प्रत्येक फटीवर ५ सेंटिमीटरची पट्टी चढवायची. दुसरं ठिकाण मांड्या. गुडघे आणि पोट यांच्यामध्ये कापड खोलगट होतं आणि पाहता पाहता तांब्याभर पाणी साचतं. पुढे झुकलं की ते सगळं पायांवर. केपच्या आत मांड्यांवर ८ ते १० सेंटिमीटर जाडीची फोमची गुंडाळी आडवी ठेवली की तिथे उंचवटा होतो आणि पाणी बाजूंना उतरतं. तिसरं ठिकाण चाकं. हाताने चालवायच्या चेअरचं मागचं चाक बहुधा २४ इंचांचं असतं, त्याचा माथा आर्मरेस्टच्या जवळपास येतो. लोंबणारी कड आऱ्यांत गुंतली की केप गळ्याशी ओढली जाते. अशा चेअरवर केपच्या बाजू चाकाच्या आत, बाजूच्या संरक्षक पत्र्याच्या आतल्या अंगाला खोचाव्यात. इलेक्ट्रिक चेअरची मागची चाकं लहान असल्याने बाजूची कड बाहेर सोडता येते, पण टायरपासून निदान १० सेंटिमीटर वर. समोरची कड पायांच्या पट्टीपर्यंत. त्याखाली पुढची लहान चाकं गरगर वळत असतात.

गळ्याशी नाडी नको. ओढलं की सुटेल असा वेल्क्रो द्या आणि त्याला बोट किंवा मनगट अडकवता येईल एवढा, ५ सेंटिमीटरचा फासा शिवा. टिच बटणं आणि चेन कमकुवत हातांना जमत नाहीत. टोपी केपला जोडलेली असेल तर मान वळली तरी टोपी वळत नाही आणि बाजूची रहदारी दिसत नाही. पुढे चोच असलेली वेगळी टोपी डोक्यावर घट्ट बसते. मणक्याची दुखापत वरच्या भागात असलेल्यांना दुखापतीखालच्या शरीरावर घाम नीट येत नाही. बंद प्लास्टिकच्या केपमध्ये त्यांचं अंग तापत जातं. अशांसाठी खांद्याच्या मागे, वर झडप असलेली जाळीची फट ठेवणं गरजेचं आहे, ती फॅशन नाही.

केपला पॅराशूटचं कापड म्हणतात ते, मागून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप दिलेलं २१० डेनिअरचं नायलॉन घ्या; डेनिअर हे धाग्याच्या जाडीचं माप. लेपाची बाजू आत. धागा पॉलिस्टरचा, कारण सुती धागा ओलाव्यात कुजतो. खांद्याच्या माथ्यावर शिवण येऊ देऊ नका, ती पुढे छातीवर किंवा मागे पाठीवर सरकवा. ज्या शिवणी टाळता येत नाहीत त्यांच्यावर आतून शिवणपट्टी इस्त्रीने बसवा, मध्ये साधा कागद ठेवून. पाठीवर परावर्तक पट्टी लावाच. जुलैच्या अंधाऱ्या संध्याकाळी चेअरवर बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा खाली असतो, आणि मोटार चालवणाऱ्याला तो लवकर दिसत नाही.

बैठकीची गादी

इथे चांगल्या हेतूने होणारी चूक फार महाग पडते. गादी भिजू नये म्हणून तिला रेक्झिनचं घट्ट खोळ शिवतात. दाब वाटून घेणारी गादी काम करते ती बैठकीची हाडं तिच्यात रुततात म्हणून. रेक्झिन ताणलं जात नाही, ते ढोलकीच्या पानासारखं ताठ राहतं, आणि हाडं रुतायच्या ऐवजी त्याच्यावर टेकतात. वर घाम. ओली त्वचा आणि एकाच जागी दाब, यातून दाबाची जखम होते, आणि संवेदना नसेल तर ती कपड्यावर डाग दिसेपर्यंत कळत नाही. खोळ हवं ते दोन्ही बाजूंना ताणणाऱ्या, पीयूचा लेप दिलेल्या विणीच्या कापडाचं, किंचित ढिलं. चेन मागच्या कडेला, तिच्यावर झडप. मधोमध शिवण नाही, लेबल नाही, पाइपिंग नाही. खोळ घातल्यावर तळहात उताणा करून हाडांखाली घाला आणि पूर्वीसारखा रुतवा जाणवतो का ते पाहा. गादी देणाऱ्या थेरपिस्टला नवं खोळ दाखवल्याशिवाय त्यावर दिवसभर बसू नये.

बॅटरी, चार्जिंग आणि घरी आल्यावर

सीटखाली बहुतेक चेअरमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यांच्या पेटीला ठेवलेल्या फटी बुजवू नका. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना थोडा हायड्रोजन सोडू शकते, आणि कुठलीही बॅटरी तापते. कंट्रोलरही चढावर तापतो, आणि फार तापला की स्वतःहून मोटरचा जोर कमी करतो. पेटीला आवरण द्यायचं तर वर छप्पर, बाजूला झालर, खाली मोकळं. चार्जिंगच्या वेळी सगळी आवरणं काढलेली हवीत. रस्त्यावर पाणी मोटरच्या तळापर्यंत पोचत असेल तर कुठल्याच आवरणाचा उपयोग नाही, तो रस्ता टाळावा लागतो.

कुबड्या आणि वॉकरच्या पायांना मात्र काहीही गुंडाळू नये. ओल्या लादीवर पकड देतं ते खालचं रबर. त्यावर पिशवी चढवली की पाय सटकतो. रबराचे कंगोरे झिजून सपाट झाले असतील तर रबर बदला. आतल्या वॉशरची धातूची कड दिसू लागली तर त्याच दिवशी.

घरी आल्यावर आधी चेअर बंद करा, मग आवरण काढा, कारण काढताना दांडी हलतेच. डबा सुक्या फडक्याने पुसा, चार्जरच्या भोकात पाणी दिसलं तर पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, तिने रबर आणखी लवकर चिरतं. भोक पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जर लावू नका. आवरण उलटं करून दोरीवर टाका, सावलीत. ओलं घडी करून ठेवलं की दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि पीयूचा लेप चिकट होऊन सुटायला लागतो. मे महिन्याच्या शेवटी एकदा, चेअर बंद ठेवून, दांडी एकेका बाजूला पूर्ण कलवा आणि रबरी टोपीच्या ताणलेल्या घडीवर टॉर्च धरा. चीर असेल तर ती तिथे काळ्या रेघेसारखी दिसते. टोपी तेव्हाच बदलून घ्यावी, कारण जूनमध्ये दुरुस्तीला रांग असते.